आमवाताच्या हाडांना गव्हाएवढा चुना

"आमवात आहे? सगळ्या गोळ्या बंद करा, त्यांनीच हाडं ठिसूळ होतात. रोज गव्हाएवढा चुना दह्यातून घ्या, जिने चढू नका." तळजाईला फिरायला जाणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला. दोनदा गप्प बसले. पण परवा सदाशिव पेठेत आत्याकडे गेले, तर ओट्यावर चुन्याची डबी आणि बुधवारची मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, पाकिटात तशीच.

आधी चुना. त्यात कॅल्शियम आहे, खोटं नाही. पण गव्हाचा दाणा भरतो साधारण ४० मिलिग्रॅम. तेवढ्या कोरड्या चुन्यात कॅल्शियम जेमतेम २० मिलिग्रॅम, आणि दिवसाची गरज १००० ते १२०० ची. गंमत म्हणजे, ज्या वाटीभर दह्यात तो कालवायचा, त्या नुसत्या दह्यात त्याच्या किमान पाचपट असतं!

"गोळ्यांनीच हाडं ठिसूळ होतात" हे अर्धसत्य, म्हणूनच जास्त घातक. आमवातात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने हाडांची झीज होते, तीही पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने. पण आमवातात सूज स्वतःच हाड खाते. सांध्यातल्या दाहातून सुटणारी रसायनं हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेव आणतात, बांधणाऱ्या पेशी मागे पडतात. ती सूज आटोक्यात ठेवणारी मेथोट्रेक्सेट म्हणजे हाडांची पहिली राखण, आणि आत्याने सोडली होती नेमकी तीच. स्टेरॉइड तर मनाने एकदम थांबवूच नये. बरेच दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायला विसरलेलं असतं. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून माणूस दवाखान्यात जाऊ शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

रोज अडीच मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन महिने चालणार असेल, तर डॉक्टरांना डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचं विचारा. झीज रोखायची वेगळी औषधं आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट त्यातलीच: उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

जिन्याचं काय? सांधा सुजून लाल झाला असेल तेव्हा विश्रांती. एरवी अंगाचा भार पडल्याशिवाय हाड टिकत नाही. झेपेल तेवढं चालायचंच.

आत्याने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, चुकलेली गोळी आता घ्यायची की पुढच्या बुधवारी, विचारायला. डबी अजून ओट्यावरच आहे. "राहू दे, तुळशीच्या कुंडीला फासेन," म्हणाली.