रात्रीची मोजणी

नाशकात राहून उल्कांचे फोटो काढायचे म्हणजे वर्षातून एकच हंगाम. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव आमच्याकडे छत्रीखाली होतो. २०२० च्या जुलैत निओवाइज धूमकेतू साध्या डोळ्यांनी दिसतोय म्हणून जग गच्चीवर होतं, आमच्याकडे त्या जागी ढग होते. राहता राहिला डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा, मिथुन राशीतला. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या, आकाश स्वच्छ, आणि यंदा चंद्रसुद्धा मध्यरात्र उलटेपर्यंत उगवणार नव्हता. एवढं सगळं जुळून आलेलं एका बॅटरीने खाल्लं. मला अजून पचलेलं नाही.

गिरणाऱ्याच्या पुढे, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ट्रायपॉड लावला होता. कॅमेरा वीस-वीस सेकंदांचे फोटो आपोआप काढत राहतो, उल्का कुठल्या फोटोत पडेल ते तिचं तिला ठाऊक. आपण फक्त कुडकुडायचं आणि लेन्सवर दव धरत नाही ना ते बघायचं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, पांढरा उजेड पडला की तो अर्धा तास वाया. म्हणून कपाळावर लाल दिवा. घात त्यानेच केला.

"कोण हाये तिकडं?"

प्रश्नाआधी उजेड आला. डोक्याला बांधायची, बिबट्यासाठी घेतलेली बॅटरी, आणि झोत थेट लेन्समध्ये. मागे एक बाबा. मफलर, खांद्यावर फावडं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चिखलात. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती आणि ते कांद्याचे वाफे भरत होते.

"मोजणी चालू हाये का?"

"नाही बाबा, फोटो काढतोय. उल्कांचे."

"रिंगरोडची?"

"उल्कांचे. तारे तुटतात ना, ते."

"दिवसा लोक हाकलून देतात, म्हणून रात्री आले तुम्ही. बरोबर ना?"

यावर काय बोलणार? तीन पायांचं मशीन, लाल दिवा, आडवेळ. सरकारी माणूस ओळखायला आणखी काय लागतं? मी म्हटलं, बाबा, हा साधा कॅमेरा आहे, याचं तोंड बघा, जमिनीकडे नाही, वर आहे.

"वरच राहणार. आता समदी मोजणी सॅटेलाइटवरून होती. पोरगं सांगत होतं."

मी खरं तर इथे गप्प बसायला हवं होतं, असं बायको म्हणते. मला ते अजिबात मान्य नाही. माणसाने विचारलं तर सांगायला नको? मी सांगितलं. म्हटलं, फेथॉन नावाचा एक लघुग्रह आहे, त्याने वाटेत सांडलेला कचरा पृथ्वीच्या आड येतो. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंचे, हा एका दगडाचा, म्हणून तर एवढं अप्रूप. १९८३ साली एका उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला तो.

बाबांनी फावडं खाली टेकवलं.

"म्हंजी त्र्याऐंशीपासून मोजणी चालू हाये! आन् आम्हाला नोटीस नाही."

मग गट नंबर आला. सातबाऱ्यावर कोणकोण आहे ते आलं. विहीर धरून मोबदला किती बसेल, बागेतल्या अँगलचे आणि तारांचे वेगळे मिळतील का, हे मला विचारण्यात आलं. कॅमेरा बिचारा वीस-वीस सेकंदांनी खटक खटक करत होता आणि प्रत्येक खटक्याला बाबा दचकून "आत्ता काय घेतलं?" म्हणत होते. उल्का जमिनीच्या शंभरेक किलोमीटर वर जळून जातात, तुमच्या शेताला काही होणार नाही, असंही मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खजील झालो. हेच वाक्य त्यांना आधी कुणीतरी साहेबाने ऐकवलेलं असणार.

शेवटी त्यांनी तडजोड काढली. "मशीन आणलंच हाये तर तेवढा एक बांध बघा. भावकीनं दर साली कोरून कोरून पार आमच्या अंगावर आणलाय." आणि बांध दाखवायला बॅटरी अशी काही फिरवली की लेन्स, मी आणि पलीकडची द्राक्षबाग एकदमच उजळून निघालो.

नेमकी तेव्हाच ती आली. पुनर्वसूपासून निघाली, मृगाला ओलांडून खाली उतरली, हिरवट, जाड, मागे धुराची रेघ ठेवून. रात्रीतली सगळ्यात मोठी.

"पडला बघा एक," बाबा म्हणाले. "आला का मशीनमधी?"

त्या फोटोत वरपासून खालपर्यंत पांढरं आहे. एका कोपऱ्यात मफलर.

बाबांवर रागावताही येत नाही, म्हणजे मी रागावलेलोच आहे, पण धड जमत नाही. बिबट्याच्या मुलखात पंपाला वीज रात्री द्यायची हे ज्यांनी ठरवलं त्यांच्या खिडकीत जाऊन कुणीतरी असा झोत मारायला हवा. आणि शहराचं काय? पूर्वेकडे अर्ध्या आकाशात कॅमेरा फिरवायची सोय नाही, नाशिक तिकडे रात्रभर नारिंगी पेटलेलं असतं. आता २०२७ च्या कुंभासाठी रस्ते रुंद होताहेत, आणि रस्ता रुंद झाला की त्यावर हायमास्ट येतोच. त्यातला कितीतरी उजेड वर जातो. वर कोण चालतंय? मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, तर चेअरमननी उत्तर म्हणून गच्चीवर आणखी एक हॅलोजन मंजूर करून घेतला. चोरांसाठी.

बाबा माझा नंबर घेतल्याशिवाय हलले नाहीत. मीही दिला, बॅटरी जावी म्हणून. तेव्हापासून फोन चालू आहेत. आळंदी धरणाच्या बाजूचे कुणी आहेत, त्यांची पोटहिश्श्याची भानगड आहे. आज दुपारी एकाने विचारलं, साहेब, तुम्ही रात्रीची मोजणी करता म्हणे, शनिवारी याल का, म्हणजे चुलत्यांना कळणार नाही. फी किती ते सांगा, चहापाणी वेगळं देऊ.