मायने कॅमेऱ्यावर पंचा टाकला

आज पारोळ्याला एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी वाढून झाली होती, तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला आणि समोरच्या मंडळींना दाखवायला सुरुवात केली. पडद्यावर त्यांची आई होती. गावाकडच्या घरात खाटेवर बसून, पदर खांद्यावरून उतरलेला, ती आपले विरळ केस मोकळे सोडून फणीने विंचरत होती. "आता काही टेन्शन नाही, चोवीस तास नजर असते," असे ते अभिमानाने म्हणाले आणि पाच-सहा जणांनी "छान सोय केलीत" असे म्हणत कॅमेरा कुठला, कितीला पडला याची चौकशी सुरू केली. त्या माउलीला हे ठाऊक नव्हते, की आपण या क्षणी एका परक्या पंगतीत बट्टीबरोबर वाढले जात आहोत. मी ताट तसेच ठेवून उठले. अन्न टाकलेले मला कधीच खपत नाही, पण आज घास उतरणे शक्य नव्हते.

घरी येऊन तीन तास झाले तरी राग गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

राग येण्याचे कारण असे, की आमच्याच घरात हे घडलेले आहे आणि त्यात माझाही हात होता. माझी माय 82 वर्षांची आहे. अमळनेरजवळच्या खेड्यात आमचे जुने धाब्याचे घर आहे, तिथे ती राहते. थोरला भाऊ आणि वहिनी तिच्यासोबतच आहेत, पण सकाळी दहाला दोघे शेतात गेले की संध्याकाळी पाचपर्यंत माय घरात एकटी असते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती न्हाणीतल्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरली आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघायला दीड महिना लागला. तेव्हा पुण्याचा धाकटा भाऊ आला आणि त्याने साडेतीन हजारांचा कॅमेरा मधल्या खोलीत बसवला. मधली खोली म्हणजे काय, हे आपल्या खानदेशातल्या लोकांना सांगायला नको. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा मातीच्या घरात तेवढी एकच खोली थंड असते, म्हणून माय तिथेच निजते, तिथेच जेवते आणि लुगडेही तिथेच बदलते. तिला कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. भाऊ भिंतीला भोक पाडत होता तेव्हा शिडी धरून मीच उभी होते.

चौथ्या दिवशी मायने कॅमेऱ्यावर वडिलांचा जुना पंचा टाकला.

पुण्याहून लगेच फोन सुरू झाले. "माय दिसत नाही, काहीतरी झाले आहे." वहिनी कापूस वेचत होती, ती कमरेची ओटी तशीच बांधलेली ठेवून उन्हातून पळत घरी आली. माय चुलीपुढे बसून कळण्याची भाकरी थापत होती. वहिनीने धापा टाकत विचारले तेव्हा ती शांतपणे एवढेच म्हणाली, "मी काय दुकान शे का, कोनी बी देखाले?" म्हणजे, मी काय दुकान आहे का, कोणीही बघायला?

त्या वाक्यावर आमच्या घरात काय झाले, ते सांगायला मला आजही लाज वाटते. कोणी म्हणाले, वय झाले, आता समजत नाही. कोणी म्हणाले, हट्टी स्वभाव आहे, पहिल्यापासूनच. भावाने कॅमेरा आणखी उंच लावायचा बेत केला, म्हणजे हात पोहोचणार नाही. ज्या बाईने तीन लेकरे वाढवली, वडील भुसावळला रेल्वेत रात्रपाळी करत असताना एकटीने शेत सांभाळले, तिने आपल्या अंगावरची नजर झाकली, तर तिची समज गेली असे आम्ही ठरवले.

आणि मुळात तो कॅमेरा करणार काय होता? माय पडली न्हाणीत. कॅमेरा मधल्या खोलीत. न्हाणीत कॅमेरा लावण्याइतके निर्लज्ज आम्ही नव्हतो, एवढीच काय ती मेहेरबानी. पडलेले माणूस तो पुण्यात दाखवू शकतो, पण पुण्याहून गाडीने निघाले तरी गावाला यायला सात-आठ तास लागतात. शिवाय गावातली वीज गेली की इंटरनेट जाते आणि इंटरनेट गेले की नजरही जाते, आणि आपल्याकडे वीज कधी जाते ते सर्वांना माहीत आहे.

शेवटी उपयोगी पडली ती दांडी. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने साडेबाराशे रुपयांत करून दिली. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नव्हता, म्हणून त्याने न्हाणीच्या फरशीत दोन पाइप सिमेंटने रोवले आणि त्यांना आडवी नळी जोडली. पण महत्त्वाचे होते ते त्याआधीचे. त्या पोराने मायला न्हाणीत उभे केले आणि विचारले, "आजी, हात कुठे टेकतो ते दाखवा." मायने हात टेकवला, त्याने खडूने खूण केली. मग ती पाटावर बसली, उठून पाहिले आणि खूण चार बोटे खाली घ्यायला लावली. दांडी बसल्यावर ओला हात स्टीलवरून सरकतो, हेही तिच्याच लक्षात आले आणि तिने स्वतः बसून त्यावर सुती दोरी घट्ट गुंडाळली. त्या दिवसापासून ती एकटी अंघोळ करते. वहिनी दाराशी थांबायला गेली तर म्हणते, "मनी आंघोय मी करसू, तू तुनं काम कर."

कोणी म्हणेल, दांडी हे काय तंत्रज्ञान झाले? जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली अत्यावश्यक सहायक साधनांची जी पन्नास वस्तूंची यादी केली, तिच्यात पडल्याची सूचना देणारी यंत्रे आहेत, तशाच हातात धरायच्या दांड्या, अंघोळीच्या खुर्च्या, काठ्या आणि गोळ्यांचे वारनिहाय डबेही आहेत. आपल्याला मात्र ज्याला चार्जर लागतो तेच तंत्रज्ञान वाटते.

मी यंत्रांच्या विरोधात नाही, हे नीट ऐकावे. मायला वडिलांचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. जन्मभर कापूस वेचून आणि भाकऱ्या थापून तिच्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, यंत्रावर अंगठा उमटतच नसे. ती एकेका बोटाने प्रयत्न करायची, समोरचा माणूस वैतागायचा आणि ती स्वतःच अपराधी असल्यासारखी बोटे पदराला पुसत राहायची. जिवंत असलेल्या बाईला जिवंत असल्याबद्दल ओशाळवाणे व्हावे लागत होते. 2021 पासून चेहरा दाखवून हा दाखला देता येतो. माझ्या भाच्याने खाटेसमोर मोबाइल धरला, मायला डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले, आणि दोन मिनिटांत काम झाले. त्या दिवशी तिने त्याला शेवभाजी करून घातली. हे ज्यांनी केले त्यांना मी मनापासून दुवा देते. मोबाइल तिथेही मायच्या चेहऱ्यावरच रोखलेला होता, पण तो धरण्यापूर्वी भाच्याने तिला विचारले होते, आणि काम तिचे होते.

याउलट भावानेच आणलेला बोलका स्पीकर सहा महिने फडताळात पडून आहे. माय त्याला अहिराणीत विचारते आणि तो पुस्तकी मराठीत सांगतो, की मला समजले नाही. दोन-तीन वेळा असे झाल्यावर तिने बोलणे सोडले. हातातल्या घड्याळाचेही तेच. पडल्यावर फोन लावणारे घड्याळ रोज रात्री चार्ज करायचे आणि पाण्यात खराब होईल या भीतीने माय ते नेमके अंघोळीच्या आधी काढून ठेवायची.

आता वहिनीविषयी लिहिते, कारण तिच्याविषयी कोणीच लिहीत नाही. कॅमेरा लागला तेव्हा मायपेक्षाही जास्त नजर वहिनीवर आली. "वहिनी, मायचे ताट अजून तिथेच आहे." "वहिनी, अकरा वाजले, गोळी दिली का?" पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून शेतात राबणाऱ्या बाईची हजेरी घेतली जात होती, आणि त्याला काळजी असे नाव होते. रात्री मायला लघवीला उठवायचे ते वहिनीने, उठवताना पाठ भरून येते ती वहिनीची, आणि एवढ्या वर्षांत तिच्या पाठीसाठी कोणी एक वस्तू आणली नाही. मीही माहेरी जाते ती चार दिवसांची पाहुणी म्हणून, आणि तिच्या हातचे जेवून येते.

तिची अडचण सुटली ती एका सुताराकडून. मायची खाट फार खाली होती, गुडघे वर येत, म्हणून तिला स्वतःहून उठता येत नसे. सुताराने खाटेच्या चार पायांखाली खोलगट खाच असलेले चार-चार इंचांचे लाकडी ठोकळे दिले. आता माय पाय जमिनीला टेकवून, खाटेच्या कडेवर तळवे दाबून आपली आपण उठते. अंधारात माणूस हलले की आपोआप लागणारा छोटा दिवा खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर लावला आहे, आणि रात्रीची सोय म्हणून शौचाची खुर्ची खाटेजवळ ठेवली आहे. वहिनी मला फोनवर म्हणाली, "ताई, चार दिवस झाले, मी रात्रभर झोपले." त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही.

काठीचेही सांगते, कारण आपल्या गावांत निम्मे म्हातारे चुकीची काठी चुकीच्या हातात धरून चालताना दिसतात. सरळ उभे राहून हात सैल सोडला, की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. जो पाय दुखतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात काठी धरायची. खालचे रबर झिजले की बदलायचे, नाहीतर तीच काठी फरशीवर माणसाला पाडते. सरकारने 2017 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आणली, तिच्यात काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा अशी साधने मोफत मिळतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांना अशा वस्तूंसाठी एकदा 3000 रुपये मिळतात. घ्यावेत, हक्काने घ्यावेत. पण ती काठी त्या म्हातारीच्या मापाची आहे का, हे तिला उभे करून पाहण्यासाठी योजना लागत नाही.

मान्य आहे, ज्यांच्या आई-वडिलांची स्मृती गेली आहे आणि जे मध्यरात्री दार उघडून चालू लागतात, त्यांच्या घरी दाराला वाजणारी घंटा आणि गळ्यात जागा सांगणारे यंत्र लागते. माझ्या मैत्रिणीच्या घरी ते आहे, त्यामुळे तिचे वडील एकदा स्टँडवर सापडले, आणि मी त्यावर एक शब्दही बोलणार नाही.

हेही मान्य करते, की दूर राहणाऱ्या लेकराची रात्र फार वाईट असते. फोन तीनदा वाजून उचलला गेला नाही, की पोटात गोळा येतो. धुळ्यात राहून माझे असे होते, तर पुण्यात भावाचे काय होत असेल. मायचे मनगट मोडले त्या रात्री तो फोनवर लहान मुलासारखा रडला होता. त्याने कॅमेरा मायेपोटीच आणला, आजच्या त्या गृहस्थांनीही तसाच आणला असेल. हे लिहिताना राग थोडा उतरला आहे खरा. पण मग पुन्हा ती पंगत आठवते, ते मोकळे केस आठवतात, आणि तो राग तिथेच येऊन थांबतो. तुमची भीती तुमची आहे, हो. तिच्यासाठी आईचा पदर का उतरवायचा?

आमच्याकडे पुढे काय झाले ते सांगते. गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले असताना भाऊही आला होता. पंचा अजून कॅमेऱ्यावर तसाच होता, त्यावर धूळ बसली होती. भावाने तो काढला, झटकला आणि खाटेजवळ बसून मायला पहिल्यांदा विचारले, "माय, याचे काय करू?" माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फाटकाकडे लाव. दुपारी कोण कडी वाजवते ते मला समजत नाही, उगीच उठून जावे लागते." भावाने कॅमेरा फाटकाकडे तोंड करून लावला आणि जुना मोबाइल तिच्या खाटेजवळच्या कोनाड्यात उभा करून दिला. आता कडी वाजली की माय निजल्याजागी पाहते, ओळखीचे असेल तर हाक मारते, नसेल तर पडून राहते. भाऊ रोज सकाळी सातला फोन करतो आणि ती त्याला काल कोण कोण आले होते ते सांगते. ती बोलली म्हणजे ती बरी आहे, हे त्याला कळते.

तो पंचा तिने धुऊन पुन्हा वडिलांच्या पेटीत ठेवला आहे.

उद्या गावी जाणार आहे. काठीचे रबर झिजले आहे, ते घेतले. वहिनीसाठी कमरेचा पट्टाही घेतला, पण त्याचे माप मला ठाऊक नाही, म्हणून दुकानदाराला बदलून देण्याचे कबूल करायला लावले आहे. ओट्याच्या पायरीलाही एक दांडी हवी, असे माय मागच्या आठवड्यात म्हणत होती. फॅब्रिकेशनवाल्या पोराला दुपारी चारला बोलावले आहे, म्हणजे तोवर तिची झोप झालेली असेल आणि उंची तिला स्वतः उभे राहून दाखवता येईल.