समुद्रावर जाताना फोन खोलीवर ठेवू नका

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोकणात जाणाऱ्या कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो : समुद्रावर जाताना मोबाइल खोलीवर किंवा गाडीत ठेवून जा. पुष्टीसाठी सहा कारणे दिलेली असतात. आपल्या आईवडिलांनी फोनशिवायच समुद्र पाहिला. किनाऱ्यावर रेंज नसतेच. खाऱ्या हवेने फोन खराब होतो. फोटो काढत बसल्याने काहीच लक्षात राहत नाही. फोन जवळ असला की ऑफिस पाठ सोडत नाही. आणि माणसे सेल्फीपायी बुडतात. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि यातील काही कारणांत तथ्यही आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ज्या किनाऱ्यावर जीवरक्षक नाही, ज्या गावापासून रुग्णालय घाटवळणांच्या रस्त्याने दूर आहे, तिथे तो धोक्याचाही आहे. पाण्यात उतरणाऱ्या कोणाच्याही हातात फोन असू नये, आणि वाळूवर थांबलेल्या एका जाणत्या माणसाकडे चार्ज केलेला फोन असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण आईवडिलांच्या पिढीचे. ती पिढी फोनशिवाय समुद्रावर गेली हे खरे आहे, पण ती माहितीशिवाय गेली नव्हती. कोकणात जाणे म्हणजे बहुधा आजोळी किंवा ओळखीच्या घरी जाणे असे, आणि पाण्यात कधी उतरायचे, कुठे उतरायचे नाही, हे सांगणारे माणूस घरातच असे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या घरांत तोंडपाठ होता. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि दिवसातून दोनदा भरती येत असल्याने हाच आकडा दिवसाही चालतो आणि रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, हेही सर्वांना ठाऊक असे. आज पुण्याहून किंवा नाशिकहून शनिवारी निघून रविवारी परतणाऱ्या कुटुंबाला त्या दिवशीची तिथी सांगता येईल का? ज्या घरात उतरायचे त्या घराशी त्याचा परिचय आरक्षणापुरताच असतो. घरातल्या त्या जाणत्या माणसाच्या जागी आज भरती-ओहोटीचे कोष्टक आहे आणि ते फोनवर आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी चालत जाऊन पाहता येतो, पण तटावर फिरता फिरता वेळेचे भान सुटले की परतीची वाट पाण्याखाली जाते. ओहोटीला कडक वाळूवर उतरवलेली मोटार भरती आल्यावर तिथेच रुतते, हे कोकणच्या किनाऱ्यांवर पुन्हा पुन्हा घडत आले आहे.

याच कारणात आणखी एक त्रुटी आहे. समुद्र खवळणार असेल तर आभाळावरून कळतेच, असे आपण गृहीत धरतो. अरबी समुद्राच्या आणि केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर मात्र कधी कधी हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या पार टोकाकडे झालेल्या वादळाच्या लाटा येऊन थडकतात. त्या वेळी स्थानिक आभाळ निरभ्र असते आणि वाराही पडलेला असतो. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर वैद्यकीय महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी अशाच लाटांच्या दिवसांत बुडाले. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्राने उंच लाटांचा इशारा त्याआधीच दिलेला होता. हे केंद्र असे इशारे संकेतस्थळावर आणि ‘समुद्र’ नावाच्या अॅपवर देते, हवामान विभागाचे ‘मौसम’ अॅप आहे, आणि वीज पडण्याची शक्यता सांगणारे ‘दामिनी’ अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले आहे. मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत मोकळ्या पुळणीवर सर्वांत उंच वस्तू बहुधा आपणच असतो, म्हणून हे शेवटचे अॅप मला विशेष महत्त्वाचे वाटते. ‘आमचे काही बिघडले नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी आदराने एवढेच सांगेन की त्या काळीही माणसे बुडत होती. त्यांची आठवण या संदेशात येत नाही.

दुसरे कारण रेंजचे. डोंगराच्या कुशीतल्या काही पुळणींवर रेंज जाते-येते हा सर्वांचा अनुभव आहे. परंतु आपल्या कंपनीची रेंज नसणे आणि कोणतीच रेंज नसणे यांत फरक आहे. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ अशा अर्थाचे शब्द दिसतात तेव्हा दुसऱ्या एखाद्या कंपनीचे नेटवर्क तिथे पोहोचत असते आणि त्यावरून ११२ लावता येतो. महाराष्ट्रात पोलिस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठी हा एकच क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक वेगळे आहेत. २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन कॉलची कळ बंधनकारक आहे. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरली की तो कॉल जातो. फोनमधली जीपीएस यंत्रणा तर उपग्रहांवर चालते, मोबाइलच्या मनोऱ्यांवर नव्हे, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते कळते. कित्येक किलोमीटर पसरलेल्या पुळणीवर मदत बोलावताना ‘समुद्रावर’ एवढे सांगून भागत नाही. गावाचे नाव, जवळचे देऊळ किंवा किनाऱ्यावर उतरण्याचा रस्ता सांगता आला तरच येणारा माणूस योग्य टोकाला येतो. जिथे खरोखरच काहीही लागत नाही, तिथे रेंज कुठवर मिळते हे यजमानांना पोहोचल्याबरोबर विचारून ठेवावे, आणि तेवढ्या अंतराचा विचार करूनच पाण्यात किती खोल जायचे ते ठरवावे.

खाऱ्या हवेचे कारण अर्धे खरे आहे, आणि त्यावरचा उपाय मात्र पूर्ण उलटा सुचवला जातो. फोन धूळ आणि पाणी किती रोखतो हे सांगणारे आयपी६८ हे मानांकन गोड्या पाण्यात, प्रयोगशाळेत, ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेळ घेतलेल्या चाचणीवर दिले जाते. खारे पाणी वीज सहज वाहून नेते आणि धातूंना गंज आणते, शिवाय फोन एकदा आपटला किंवा जुना झाला की त्याच्या कडांचे सील पहिल्यासारखे राहत नाही. फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरता येतो असे सुचवणाऱ्या जाहिरातींबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२२ मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता. तेव्हा फोन पाण्यात नेऊ नये, हे संदेशाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून तो गाडीत ठेवावा का? उन्हात उभ्या, काचा बंद असलेल्या मोटारीतील हवा काही मिनिटांत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा आणि बंद स्थितीतही ४५ अंशांच्या वर ठेवू नये, असे अॅपल स्वतः सांगते. कोकणातल्या मे महिन्यात बंद गाडी ही मर्यादा सहज ओलांडते आणि बॅटरीचे आयुष्य तिथे कायमचे कमी होते. झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, सावलीतल्या पिशवीत ठेवलेला फोन त्या मानाने सुरक्षित असतो. आणि तरीही भिजलाच तर तो तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसानच होऊ शकते, असे अॅपलने २०२४ मध्ये आपल्या सूचनांत स्पष्ट केले आहे.

चौथ्या कारणाला संशोधनाचा आधार असल्याचे संदेशात सुचवलेले असते. असे संशोधन आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या वस्तू त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मात्र संदेशातून गळलेला असतो : वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढणाऱ्यांची आठवण तशी कमी झाली नाही. पुढे क्रिस्टिन डील, गॅल झॉबरमन आणि अलिक्सँड्रा बॅराश यांच्या २०१६ च्या प्रयोगांत असे दिसले की फोटो काढणारे लोक अनुभवात अधिक गुंततात आणि आनंददायी अनुभव त्यांना अधिक आनंददायी वाटतो. आणि नंतरच्या एका अभ्यासात फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक आठवले, ऐकलेले मात्र कमी आठवले. समुद्रावर या शेवटच्या गोष्टीला महत्त्व आहे, कारण लाटांचा आवाज हा त्या अनुभवाचा मोठा भाग असतो. यातून फार तर इतके निघते की ठरवून, निरखून थोडे फोटो काढावेत आणि मग फोन पिशवीत ठेवावा. सत्तरी ओलांडलेल्या आजीला नातवंडांबरोबरचा वाळूतला एक फोटो किती मोलाचा असतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तरी सरसकट बंदीचा आग्रह धरू नये असे मला मनापासून वाटते.

ऑफिसच्या फोनांविषयी थोडक्यात. ही तक्रार खरी आहे, पण तिचे मूळ यंत्रात नाही, कामाच्या रीतीत आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते, आणि ऑस्ट्रेलियात असा कायदा ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला आहे. आपल्याकडे तो होईपर्यंत, निवडक घरच्या क्रमांकांखेरीज बाकी सर्व कॉल आणि सूचना मूक करण्याची सोय प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. ती वापरली तर वरिष्ठांचा कॉल वाजत नाही आणि ११२ लावण्याची सोयही हातची जात नाही.

राहिले शेवटचे आणि सर्वांत गंभीर कारण. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने २०११ ते २०१७ या काळातील बातम्यांवरून जगभरातील २५९ सेल्फी-मृत्यू मोजले. त्यांत बुडणे हे सर्वांत मोठे कारण होते आणि निम्म्याहून अधिक मृत्यू भारतातले होते. मुंबई पोलिसांनी २०१६ मध्ये आणि गोव्यात जीवरक्षकांनी २०१८ मध्ये सेल्फीसाठी धोक्याच्या जागा निश्चित केल्या, त्या याच अनुभवातून. समुद्राकडे पाठ करून, ओल्या खडकावर उभे राहून, पडद्यात पाहणारा माणूस पुढची लाट पाहू शकत नाही. या बाबतीत मी संदेशापेक्षाही कडक आहे : खडकावर, धक्क्याच्या टोकावर आणि पाण्यात फोन बाहेर काढूच नये. परंतु हा धोका हातातल्या फोनचा आहे, पिशवीतल्या फोनचा नाही.

फोनचा दुसरा धोका मात्र वाळूवर बसलेल्यांनाच आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नसतो. जर्मनीतील जीवरक्षकांच्या संघटनेने २०१८ च्या उन्हाळ्यात पालकांना जाहीर इशारा दिला की मुले पाण्यात असताना मोठी माणसे फोनमध्ये डोके घालून बसतात आणि त्यामुळे मुले संकटात सापडतात. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही; श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाजच फुटत नाही, आणि ही धडपड अनेकदा मिनिटभरही टिकत नाही. म्हणून ज्याच्याकडे फोन आहे त्याची नजर पाण्यावरच हवी. त्याने रील पाहायचे नाहीत, संदेशांना उत्तरे द्यायची नाहीत, आणि कंटाळा आला की फोन आणि नजर ठेवण्याचे काम दोन्ही दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे. मुलांच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहून ठेवण्याची चांगली पद्धत अनेक पालक पाळतात. तो नंबर ज्या फोनचा आहे तो फोन खोलीवर वाजत राहिला तर त्या लिहिण्याचा काय उपयोग?

पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या फलकाचा फोटो काढावा, कारण ग्रामपंचायतीचा किंवा जीवरक्षकाचा क्रमांक अनेकदा त्यावर असतो. जिथे उभे आहोत तिथले ठिकाण खोलीवर राहिलेल्या माणसाला पाठवावे. दोघेच गेले असतील तर एका वेळी एकानेच पाण्यात जावे. एकट्याने गेलेल्याने कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. आणि तेवढ्यासाठीसुद्धा शहाळेवाल्याला किंवा टपरीवरच्या ताईंना सांगून, फोन त्यांच्याकडे ठेवून, आपण किती वेळात परत येणार ते त्यांना सांगून मगच उतरावे.