सुरुवात मेन्सियसपासून करावी

लाओत्झूच्या नावावरील ‘ताओ ते चिंग’ हा ग्रंथ छोटा असल्यामुळे नवख्या वाचकाने प्राचीन चिनी तत्त्वज्ञानाची सुरुवात त्यापासून करावी, हे एका लेखातील मत मला पटत नाही. त्याची 81 प्रकरणे थोड्या वेळात वाचून होतात हे खरे. परंतु त्यांत कोण कोणाशी बोलत आहे आणि कोणत्या मताचे खंडन चालले आहे हे कुठेच सांगितलेले नसल्यामुळे वाचक त्या ओळींत स्वतःच्याच मनातले अर्थ भरत जातो. आमच्या वाचनगटात नेमके हेच झाले; प्रत्येकाला त्यात आपापला वेदान्त सापडला आणि चीन बाजूलाच राहिला.

त्याऐवजी कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विचारवंत मेन्सियस याचा, त्याच्याच नावाने ओळखला जाणारा ग्रंथ घ्यावा. पहिल्याच प्रसंगात लिआंगचा राजा हुई त्याला राज्याच्या लाभाविषयी विचारतो आणि तो लाभाची भाषा सोडून माणुसकी व न्याय यांविषयी बोलण्याचा आग्रह धरतो. युद्धात होरपळणाऱ्या राज्यांचा तो काळ तिथेच डोळ्यांसमोर उभा राहतो. मनुष्यस्वभाव मुळात चांगला आहे, हे मेन्सियसचे म्हणणे त्याच परंपरेतला विचारवंत शुन्झी पुढे त्याचे नाव घेऊन खोडून काढतो. हा वाद समजल्यावर लाओत्झूच्या नावावरील ग्रंथाकडे वळले, तर माणुसकी आणि न्याय यांवर त्यात केलेली टीका कोणाला उद्देशून आहे, हे लक्षात येते.