महागड्या स्पीकर केबलने आवाज सुधारतो का? एक खुलासा

‘ऑक्सिजनमुक्त तांब्याची महागडी केबल लावा, साध्या वायरीत वरचे स्वर हरवतात’ असा संदेश सध्या फिरतो आहे. घरच्या स्टीरिओपुरता हा दावा चुकीचा आहे.

ऑक्सिजनमुक्त आणि वायरीत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या तांब्याच्या वाहकतेत जेमतेम एका टक्क्याचा फरक असतो. 2.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर 5 मीटर ओढली, तर जाण्या-येण्याचा मिळून रोध सुमारे 0.07 ओहम होतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो एक टक्काही नाही. आवाजातली घट 0.1 डेसिबलपेक्षा कमी. एवढा फरक माणसाच्या कानाला कळत नाही.

वायर अगदीच बारीक आणि लांब असेल, त्यातून स्पीकर 4 ओहमचा असेल, तर मात्र फरक पडू शकतो. कारण स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो, त्यामुळे काही स्वर इतरांपेक्षा जास्त दबतात. त्यावर उपाय जाड वायर, महाग नव्हे.

‘पण मला फरक ऐकू आला’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. केबल बदलताना जुना, काळवंडलेला किंवा सैल जोड निघून नवा घट्ट बसतो. शिवाय किंमत माहीत असली की कान अपेक्षेने ऐकतो. म्हणून तुलना करायची तर आवाजाची पातळी मोजून सारखी ठेवा आणि कोणती केबल जोडली आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका.

आणि लाल-काळी टोके नीट तपासा. एकाच स्पीकरची उलटी जोडली गेली तर बास पातळ होतो, आणि तो फरक सहज ऐकू येतो.