विषयपत्रिका वाचा हो, नाशिककर

मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक राजवट. प्रस्ताव मांडणार आयुक्त, आणि महासभा व स्थायी समितीच्या नावाने त्याला मंजुरी देणारेही तेच. आता राजीव गांधी भवनात पुन्हा १२२ नगरसेवक बसलेत. बॅनर लागले, सत्कार झाले, ठीक आहे. पण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना वाटतंय की आता जाब विचारायचं काम नगरसेवकांचं, आपण सुटलो. २०२२ च्या आधीही नगरसेवक होतेच की!

आपली खोड अशी की आपण ओरडतो, पण उशिरा. खड्डा पडला की फोटो, रस्ता खोदला की पोस्ट. तोवर ठराव झालेला असतो, निविदा निघालेली असते, कार्यादेश दिलेला असतो आणि कदाचित पहिलं बिलही अदा झालेलं असतं. प्रश्न विचारायचा तो सभेच्या विषयपत्रिकेवर. तिची भाषा झोप आणणारी असते हे मान्य. 'अमुक प्रभागातील तमुक कामी येणाऱ्या खर्चास मान्यता मिळणेबाबत.' पण आपले पैसे कुठे जाणार हे त्या एका ओळीत लिहिलेलं असतं. आणि ऐनवेळी घुसवलेले जादा विषय तर आधी वाचावेत. (जे घाईने मंजूर होतं ते आधी वाचावं, हा माझा साधा नियम.)

तपोवनाचं उदाहरण ताजं आहे. सिंहस्थ कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामसाठी तिथल्या सतराशेहून जास्त झाडांबाबत नोटीस निघाली, नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. सगळ्यांच्या लक्षात राहिले ते सयाजी शिंदे, घोषणा आणि टीव्हीचे कॅमेरे. पण सुरुवात कुणीतरी ती नोटीस वाचण्यापासून झाली. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात हरकती मागवाव्या लागतात. लोकांनी शेकडो हरकती लेखी दिल्या, सुनावणी गाजली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं आणि अंतरिम स्थगिती मिळाली. नुसत्या घोषणांवर लवाद स्थगिती देत नाही, कागद लागतो.

कागदावरून आठवलं. आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त ओव्हरसियर काका आहेत. त्यांनी मला मोजमाप पुस्तिका वाचायला शिकवली. एमबी म्हणतात तिला. रस्त्याचं काम झालं की अभियंता त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहितो, त्यावरून परिमाण निघतं आणि परिमाणावरून बिल. काका म्हणाले, "लांबी-रुंदी बघत बसू नको, ती कुणीही टेप लावून मोजेल. जाडीचा रकाना बघ. डांबराखाली काय आहे ते फक्त तिथेच दिसतं." आणि ही पुस्तिका बघायला ओळखपाळख लागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कागदपत्रांच्या प्रतींसोबत कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत, त्यामुळे आधीच्या दहा वर्षांचा राग त्यात ओतू नका. 'अमुक रस्त्याची मोजमाप पुस्तिका, अंतिम बिल आणि दोषदायित्व कालावधी' एवढंच मागा. तो कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. बाकावर नगरसेवकाचं नाव ठळक रंगवलेलं असतं, पण ठेकेदाराचं नाव आणि ही तारीख रस्त्यावर शोधून दाखवा!

चार सदस्यांच्या प्रभागाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ही पद्धत मतदारासाठी वाईट आहे. गटार तुंबलं की एक म्हणतो 'तो भाग त्यांच्याकडे', दुसरा म्हणतो 'निधी त्यांनी वापरला'. श्रेय चौघांचं, जबाबदारी कुणाचीच नाही. म्हणूनच चौघांनाही एकत्र बसवणारी जागा हवी, आणि ती कायद्यात आहे. २००९ च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आली. गावात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा, जिथे मतदारच सदस्य. आपल्या भागात ती झालेली तुम्ही पाहिलीत का? मी तरी नाही. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना 'वॉक विथ कमिशनर' सुरू झालं होतं, लोक मैदानावर जाऊन थेट तक्रारी मांडायचे. चांगलंच होतं, पण त्याच नोव्हेंबरात त्यांची बदली झाली. अधिकाऱ्याच्या मर्जीने मिळालेली भेट म्हणजे हक्क नाही.

आणि हे सगळं आत्ताच का? कारण सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. कामं हजारो कोटींची, कुंभमेळ्यासाठी वेगळं प्राधिकरण, आणि प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर: 'वेळ नाही हो, सिंहस्थ आलाय.' सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, अचानक उगवत नाही. स्मार्ट रोडची आठवण असेलच. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, जेमतेम एक किलोमीटर, आणि किती काळ ते खोदकाम! ते काम स्मार्ट सिटीच्या कंपनीकडे होतं, महासभेत विचारलं तर बोट कंपनीकडे. आता प्राधिकरणाकडे बोट जाईल. तेव्हा काम कुणाचं, पैसा कुणाचा आणि नंतर देखभाल कुणाची, हे आजच लेखी विचारून ठेवा.

आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मी क्षेत्रसभा घेण्याबद्दल पत्र दिलंय, विभागीय कार्यालयात प्रत देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घेतलाय. पत्र एका पानाचं आहे. नाशिकरोड, सातपूर, सिडको, पंचवटी, कुणालाही आपल्या भागासाठी हवं असेल तर कमेंटमध्ये प्रभाग क्रमांक लिहा, मजकूर पाठवतो. फक्त शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.