डोपामाइनचा उपवास: एका फॉरवर्डची झाडाझडती

परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर ‘डोपामाइन डिटॉक्स’चा मेसेज फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: डोपामाइन हे आनंदाचं रसायन. रील्स पाहून त्याचा साठा संपतो, म्हणून अभ्यासात मन लागत नाही. रविवारी 24 तास फोन, गोडधोड, गाणी, गप्पा सगळं बंद ठेवा. डोपामाइन शून्यावर येईल आणि मेंदू रीसेट होईल. शिवाय रोज केळं आणि बदाम खा, म्हणजे ते नैसर्गिकरीत्या वाढेल. शून्यावर आणायचं की वाढवायचं, हे लिहिणाऱ्याचंच ठरलेलं दिसत नाही. पण ते असो.

‘डोपामाइन म्हणजे आनंद’

या समजाचं मूळ 1954 सालात आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की तिथे हलकासा वीजप्रवाह जायचा, आणि उंदीर दांडी सोडायला तयार नसत. मेंदूतलं ‘सुखकेंद्र’ सापडलं, असं मानलं गेलं. त्या मार्गांवर डोपामाइन काम करतं हे पुढे कळलं आणि सुखाचं लेबल त्याला चिकटलं.

ते लेबल 1989 मध्येच सैल झालं. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळपास नाहीसं केलं. उंदीर समोरच्या खाण्याला तोंड लावेनात, त्यांना नळीने भरवावं लागलं. पण जिभेवर साखरपाणी सोडलं की ते पूर्वीसारखेच ओठ चाटत आणि कडू सोडलं की तोंड वेंगाडत. गोडी शाबूत होती. ती मिळवण्यासाठी उठायची ओढ गेली होती.

याची उलट बाजू माणसांत दिसते. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) काही औषधांमुळे डोपामाइनचे रिसेप्टर (पेशीवरच्या ज्या जागांवर ते काम करतं त्या) थेट उत्तेजित होतात. प्रामिपेक्सोल हे त्यातलंच एक. 3,090 रुग्णांची पाहणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. अशी औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वर्तन यांतल्या कशावर तरी ताबा ठेवता येत नव्हता. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 7 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे डोपामाइनचा वर्तनाशी संबंध आहे आणि तो घट्ट आहे. मेसेज सांगतो तो मात्र नाही.

‘रील्स पाहून साठा संपतो’

इथे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांचे स्वित्झर्लंडमधले माकडांवरचे प्रयोग बघावेत. डोपामाइनची चेतापेशी काही घडत नसतानाही सेकंदाला तीन ते पाच वेळा ठोका देत असते. अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की ठोक्यांची सर येते. रसाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली की काही दिवसांत ती सर दिव्यावर सरकते आणि प्रत्यक्ष रस मिळताना काहीच विशेष होत नाही. दिवा लागला पण रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी ठोके थांबतात. पेशी मोजते ती अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातली तफावत.

रील्सचं गणित यात बसतं. पुढची रील कंटाळवाणी निघेल की भन्नाट, हे आधी कळत नाही. अंदाज कधी पक्का होत नाही आणि अंगठा चालत राहतो. यात काही रिकामं होत नाही. सोडलेलं डोपामाइन पेशी लगेच परत ओढून घेते, पुन्हा पिशव्यांत भरते आणि टायरोसिन या अन्नातून मिळणाऱ्या घटकापासून नवंही बनवत राहते. कोकेनने ही परत ओढण्याची क्रियाच अडते, म्हणून रीलला ‘डिजिटल कोकेन’ म्हणणं ऐकायला झणझणीत असलं तरी चूक आहे.

‘24 तासांत शून्य, मग रीसेट’

शून्यावर आलेलं डोपामाइन कसं दिसतं, हे आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये स्वीडनमध्ये दाखवलं. आपल्याकडच्या सर्पगंधेपासून मिळणारं, डोपामाइनचा साठा रिकामा करणारं रेसर्पिन त्यांनी सशांना दिलं. ससे कान पाडून जागच्या जागी निपचित पडले. ज्यापासून डोपामाइन बनतं ते एल-डोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडूफिरू लागले. या वाटेवरच्या कामाला 2000 साली नोबेल मिळालं. रविवारी फोन कपाटात ठेवलेला मुलगा चिडचिड करतोय, येरझाऱ्या घालतोय, म्हणजे त्याचं डोपामाइन ठणठणीत आहे.

‘डोपामाइन फास्टिंग’ 2019 मध्ये गाजवणारे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीही हे नाव शब्दशः घेऊ नका, असं म्हटलं होतं. त्यांची पद्धत वर्तनोपचारातली होती: सवय चाळवणाऱ्या खुणा दूर करायच्या. नाव पसरलं, पद्धत मागे राहिली.

‘केळं आणि बदाम’

केळ्यात डोपामाइन खरंच असतं, गरापेक्षा सालीत जास्त. पण रक्तातलं डोपामाइन मेंदूच्या आत शिरत नाही. आयसीयूत रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला ते थेट शिरेतून देतात, दर किलो वजनामागे मिनिटाला 5 ते 20 मायक्रोग्रॅमपर्यंत. रक्तदाब चढतो, रुग्ण आनंदी होत नाही. बदामातल्या टायरोसिनचं म्हणाल, तर रोजच्या वरणभातातून ते पुरेसं मिळतं. वरून आणखी घातल्याने उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही.

आत शिरतं ते एल-डोपा. खाजकुइलीच्या (म्हणजेच कपिकच्छूच्या) बियांत ते असतं आणि कंपवाताच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं, म्हणूनच या गोळ्या चालू असताना कपिकच्छू चूर्ण मनाने घेऊ नये: डोस वाढून मळमळ, चक्कर, अंगाच्या अनावर हालचाली होऊ शकतात.

‘फोन बंद ठेवून फायदा होतो, मग?’

होतो, पण खुणा हटल्यामुळे. सोमवारी त्या जागच्या जागी परत आल्या की सवयही परतते. तेव्हा एका दिवसाच्या उपवासापेक्षा रोजची मांडणी बदला. येणारे कॉल वगळता फोनवरच्या बाकी सूचना (नोटिफिकेशन) बंद. ॲपमधून दरवेळी लॉगआउट. पासवर्ड टाकावा लागला की हात थबकतो. चार्जर दुसऱ्या खोलीत. गजराचं साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘गजरासाठी’ म्हणून फोन उशाशी येतोच. रील्ससाठी ठरलेला अर्धा तास द्या, रोज त्याच वेळी.

घोळ बहुधा पहिल्या काही दिवसांत होतो. बक्षीस बंद झालं की ओढ आधी वाढते आणि मग ओसरते. नेमकी ती वाढलेली असताना, रडारड पाहून ‘बरं, दहाच मिनिटं’ म्हटलं की मूल शिकतं की जोर लावला की मिळतं. कधीमधी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सर्वांत चिवट असते, हे वर्तनवाद्यांनी केव्हाच दाखवलं आहे.

‘डोपामाइन कमी, तर लक्ष जास्त’

एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा या विकारासाठी) दिलं जाणारं मेथिलफेनिडेट हे औषध मेंदूतलं डोपामाइन वाढवतं, आणि त्यानेच लक्ष टिकतं. मुलाचं लक्ष घरी आणि शाळेत दोन्हीकडे सहा महिन्यांहून जास्त काळ भरकटत असेल आणि हे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसत असेल, तर रविवारचे उपवास करण्यात वेळ घालवू नका; बालमानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि जाताना शाळेतल्या शिक्षकांची लेखी निरीक्षणं सोबत न्या.